नवा लॅपटॉप, अपडेटची सूचना आणि आपल्या गटाचा हिशेब



आजचा विषय यंत्राचा आहे, पण घाबरून रेडिओ बंद करू नका. शिवणयंत्राला तेल कधी घालायचं हे ज्या बाईला कळतं, तिला आजचा विषयही कळेल.

आपल्या भागातल्या बऱ्याच ग्रामसंघांकडे आता लॅपटॉप आले आहेत. कुणी बचतीतून घेतला, कुणाला योजनेतून मिळाला. खोकं उघडायचं, हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि यंत्र सुरू करायचं. इथपर्यंत सगळं आनंदाचं असतं. मग दोन-चार दिवसांत पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना येते: अपडेट आलं आहे, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा. इथे सगळ्या थबकतात. घ्यायचं का? घेतलं आणि काही बिघडलं तर? नाही घेतलं तर काय होईल?

आम्ही वेगवेगळ्या गावांत बैठकांना जातो, तिथे हा प्रश्न हमखास निघतो. आणि दर वेळी दोन मतं पडतात. एक ज्येष्ठ मावशी म्हणतात, "बाई, यंत्र चांगलं चाललंय. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?" दुसरी एखादी कॉलेज केलेली सून म्हणते, "नाही हो मावशी, आलं की लगेच घ्यायचं, नाहीतर व्हायरस येतो." गंमत म्हणजे दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आज दोन्ही बाजू नीट समजून घेऊ आणि मग आपल्या गटाचा नियम ठरवू.

अपडेट म्हणजे काय?

लॅपटॉपच्या आत एक मुख्य कारभारीण असते. कुठली फाइल कुठे आहे, कळ दाबली की कुठलं अक्षर उमटायचं, प्रिंटरला काय सांगायचं, इंटरनेटवरून कुणाला आत येऊ द्यायचं, हे सगळं ती बघते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ असते. ती २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आली.

ही कारभारीण माणसांनीच घडवलेली आहे. त्यामुळे तिच्यात चुका राहतात. काही चुका साध्या असतात. काही मात्र घराच्या मागच्या भिंतीतल्या भगदाडासारख्या असतात, ज्यातून चोर आत येऊ शकतो. अशी भगदाडं सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. ही बुजवणी म्हणजे अपडेट. पावसाळ्याआधी आपण कौलं शाकारतो ना, तसंच. छप्पर नवं असलं तरी शाकारावं लागतं.

अपडेटचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा. पहिलं, दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट. ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतून निघतं. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून बहुतेकींना ते बुधवारी दिसतं. दुसरं, वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट. त्यात पूर्ण नवी आवृत्ती येते. मासिक अपडेट म्हणजे कौलं शाकारणं, तर वार्षिक अपडेट म्हणजे घराची फेरबांधणी. दोन्हींना एकच नियम लावला की गोंधळ होतो.

लगेच घ्या म्हणणारीचं खरं काय?

२०१७ सालची गोष्ट आहे. विंडोजमध्ये एक मोठं भगदाड सापडलं होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला त्याची दुरुस्ती दिली. ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांची भिंत बुजली. पण जगभर लाखो कॉम्प्युटरवर ते घेतलंच गेलं नव्हतं. १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्ती आल्यानंतर बरोबर ५९ दिवसांनी, 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस त्याच भगदाडातून शिरला. दीडशेच्या वर देशांत तो पसरला. तो कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइलींना कुलूप घालायचा आणि पडद्यावर लिहायचा, की किल्ली हवी असेल तर ३०० डॉलर भरा, तीन दिवसांत भरले नाहीत तर दुप्पट. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांचं काम अडलं, हजारो रुग्णांना ठरलेल्या तारखेला परत पाठवावं लागलं.

तुम्ही म्हणाल, ते इंग्लंडचं झालं, आपलं काय? तर मैत्रिणींनो, त्याच व्हायरसने आपल्या केरळमधल्या ग्रामपंचायतींच्या कार्यालयांतले कॉम्प्युटरही बंद पाडले. ग्रामपंचायत! तिथे कुठे सोन्याच्या विटा ठेवलेल्या होत्या? या व्हायरसला श्रीमंत-गरीब कळत नाही. ज्या घराची भिंत उघडी, त्या घरात तो शिरतो.

आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. दुरुस्ती जाहीर झाली, की भगदाड कुठे होतं हे चोरांनाही कळतं. ते दुरुस्ती उलगडून बघतात. म्हणजे अपडेट येण्याआधी जेवढा धोका होता, त्यापेक्षा अपडेट येऊनही न घेणाऱ्या लॅपटॉपला जास्त धोका असतो. मागच्या दाराची कडी मोडल्याची दवंडी गावभर पिटली आणि आपण तीच कडी ठेवून झोपलो, असं ते होतं.

आता आपल्या लॅपटॉपमध्ये काय असतं ते आठवा. तीस गटांच्या ग्रामसंघात तीनशे बायांची नावं. कुणाची किती बचत, कुणाचं किती कर्ज, कुणी किती हप्ते फेडले. आधार कार्डांच्या, पासबुकांच्या प्रती. उद्या हे सगळं कुलूपबंद झालं तर? एखादी म्हणेल, माझे दोन हप्ते राहिले होते. दुसरी म्हणेल, छे, चार राहिले होते. मोडलेला लॅपटॉप दुसरा घेता येतो. बायाबायांमधला विश्वास मोडला तर तो कुठल्या दुकानात मिळणार?

थांबा म्हणणाऱ्या मावशींचं खरं काय?

आता मावशींची बाजू. अपडेटमुळेही नुकसान होतं, ही अफवा नाही.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चं मोठं सहामाही अपडेट आलं. तेव्हा वर्षातून दोनदा मोठी अपडेट्स यायची. ज्यांनी ते पहिल्या काही दिवसांत घेतलं, त्यांतल्या काहींच्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फाइली पुसल्या गेल्या. कंपनीने चार-पाच दिवसांत अपडेट थांबवलं, चूक दुरुस्त केली आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. नुकसान फार थोड्या लोकांचं झालं, पण ज्यांचं झालं त्यांच्यासाठी ते पूर्णच होतं. जे सहा आठवडे थांबले होते, त्यांना काहीच झालं नाही.

मार्च २०२१ मध्ये एक मासिक अपडेट आलं. ते घेतल्यावर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर छपाईची आज्ञा दिली, की पडदा निळा पडायचा आणि कॉम्प्युटर बंद व्हायचा. महिना मार्चचाच! ताळेबंद छापायचा असताना हे झालं तर आपली काय गत होईल, विचार करा. त्याचीही दुरुस्ती काही दिवसांत आली.

या दोन घटना नीट बघितल्या तर त्यातून वाट दिसते. चुकीचं अपडेट आलं तर त्याची बोंब काही दिवसांतच होते आणि दुरुस्ती येते. म्हणजे थोडं थांबण्यात शहाणपण आहे. पण वॉनाक्राय दोन महिन्यांनी आला होता. म्हणजे फार थांबण्यात धोका आहे. मासिक अपडेटला चार-पाच दिवस थांबणं ठीक, चार-पाच महिने थांबणं चूक. मोठ्या अपडेटला महिना-दोन महिने थांबलं तरी चालतं, कारण विंडोज ११ च्या घरगुती प्रतीत प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिने सुरक्षेची मासिक अपडेट्स मिळत राहतात. घाई करायचं कारण नसतं.

नवा लॅपटॉप असेल तर पहिल्या दिवशी काय?

आता मुख्य मुद्दा. लॅपटॉप अगदी नवा असेल, तर वरचं थांबण्याचं गणित लागू होत नाही. नव्या लॅपटॉपवर सगळी अपडेट्स पहिल्याच दिवशी घ्यायची. का? तर तो कारखान्यात भरून, गोदामात राहून, दुकानात येईपर्यंत कित्येक महिने गेलेले असतात. तेवढ्या महिन्यांची भगदाडं त्यात उघडी असतात. आणि दुसरं म्हणजे त्यात अजून आपलं काहीच नसतं. एकही फाइल नाही, एकही हिशेब नाही. अपडेट करताना काही बिघडलं तर जाणार काय? शिवाय वॉरंटी चालू असते, दुकानदाराची पावती हातात असते. अशी बिनधोक वेळ त्या लॅपटॉपच्या आयुष्यात पुन्हा येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी अपडेट, मग प्रिंटर जोडणं, मग मराठी टायपिंग, बीसी सखीचं अंगठ्याचं मशीन असेल तर ते, आणि सगळं चालतंय याची खात्री झाल्यावर शेवटी गटाचा हिशेब आत घालायचा. आपण नव्या घराची पन्हळं तपासतो आणि मगच धान्याच्या कणग्या आत नेतो, तसं.

करायचं कसं? 'सेटिंग्ज' उघडा. डाव्या बाजूला सगळ्यात खाली 'विंडोज अपडेट' असं दिसेल. त्यावर 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. यादी येईल, उतरवून घेणं सुरू होईल, मग लॅपटॉप बंद-चालू करायला सांगेल. पुन्हा तिथेच जाऊन पुन्हा 'चेक' करा. नव्या लॅपटॉपवर हे दोन-तीन वेळा करावं लागतं. काही नवं नाही असं लिहून आलं, की झालं. 'ऑप्शनल' असं लिहिलेली जी अपडेट्स असतात, ती सोडून द्या. प्रिंटर किंवा आवाज चालत नसेल तरच जाणकाराला विचारून त्यांच्याकडे बघा.

याच दिवशी आणखी एक गोष्ट तपासा. काही दुकानांत स्वस्तात मिळतो म्हणून बिनविंडोजचा लॅपटॉप देतात आणि त्यात चोरीची विंडोज घालून देतात. वर सांगतात, "ताई, अपडेट अजिबात करू नका, विंडोज उडेल." असं कुणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'ॲक्टिव्हेशन' उघडा. तिथे 'ॲक्टिव्ह' असं लिहिलेलं असलं पाहिजे. बिलावर विंडोजचा उल्लेख आहे का तेही बघा. गटाच्या पैशातून घेतलेल्या वस्तूचं बिल खरं हवं आणि आतली विंडोजही खरी हवी. पैसे वाचवायचेच असतील तर उबुंटूसारखी फुकट आणि कायदेशीर सिस्टीम मिळते. तिलाही अपडेट्स येतात, तीही घ्यायची असतात.

आणि कुणाकडे वापरलेला, विंडोज १० चा लॅपटॉप आला असेल, तर लक्षात ठेवा की विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदतवाढीची वेगळी नोंदणी केलेली नसेल तर त्याला नवी दुरुस्ती मिळत नाही. तो विंडोज ११ वर नेता येतो का ते तपासून घ्या. येत नसेल तर त्यावर तीनशे बायांचे हिशेब ठेवू नका.

पुढे दर महिन्याला काय?

आम्ही एक सोपा नियम सांगतो. दुसऱ्या मंगळवारी अपडेट निघालं, की त्याच आठवड्यातल्या शनिवारी किंवा रविवारी ते घ्यायचं. मधले चार दिवस मिळतात. काही मोठी गडबड असेल तर तोवर बातमी येते. गटाच्या मासिक बैठकीची तारीख आपण चुकवत नाही, तशीच ही तारीख पाळायची.

घेण्याआधी हिशेबाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढायची. हे काम दहा मिनिटांचं आहे. पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा आणि गटाच्या पेटीत ठेवायचा. लॅपटॉपलाच लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह उपयोगाचा नाही, कारण व्हायरस आला तर तो त्यालाही कुलूप घालतो. प्रत का हवी, याचंही उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस आला. त्याने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडवलं. हा व्हायरस जुन्या भगदाडातून तर शिरायचाच, पण आतल्या कॉम्प्युटरचे पासवर्ड चोरून अपडेट घेतलेल्या कॉम्प्युटरमध्येही जायचा. म्हणजे अपडेट ही राखण खरी, पण एकटी पुरेशी नाही. प्रत हवीच. आणि हो, कागदाच्या नोंदवह्या टाकून देऊ नका.

मार्चअखेरचं काय? त्याचंही गणित बसतं. मार्चचा दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. त्या आठवड्यात मार्चचं अपडेट घेऊन टाका. मग २० मार्चला 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन 'पॉज' दाबा आणि तीन आठवडे निवडा. १० एप्रिलपर्यंत लॅपटॉप अपडेटसाठी अडून बसणार नाही. एप्रिलचं अपडेट ८ तारखेच्या आधी येतच नाही. म्हणजे ताळेबंद, लेखापरीक्षण, बँकेचे कागद निवांत होतात आणि सुरक्षेत फारसा खंडही पडत नाही. हे 'पॉज' जास्तीत जास्त पाच आठवडे लावता येतं. कायमचं बंद करण्याचे उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका.

ऐन बैठकीत लॅपटॉप आपोआप बंद-चालू होऊ नये म्हणूनही सोय आहे. 'विंडोज अपडेट'च्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' असतं. तिथे सकाळी ८ ते रात्री १० असे आपल्या कामाचे तास घाला. त्या वेळेत तो आपणहून बंद होणार नाही.

वार्षिक मोठ्या अपडेटला महिना-दोन महिने थांबा. मग रिकामा रविवार बघून, प्रत काढून घ्या. घेतल्यावर काही चालेनासं झालं तर दहा दिवसांच्या आत मागे जाता येतं. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'रिकव्हरी' आणि तिथे 'गो बॅक'. म्हणून घेतल्या घेतल्या दोन दिवसांत प्रिंटर, मराठी टायपिंग, अंगठ्याचं मशीन सगळं चालवून बघा. अकराव्या दिवशी कळून उपयोग नाही.

डेटा आणि वीज

आपल्या दोन अडचणी शहरातल्यांना नसतात. पहिली, इंटरनेट. मासिक अपडेटला काही शे एमबी डेटा लागू शकतो, नव्या लॅपटॉपच्या पहिल्या दिवशी तर काही जीबी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक एका दमात संपतो आणि मग ऑनलाइन कामच अडतं. त्यावर उपाय आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या हॉटस्पॉटचं नाव उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग लॅपटॉप बहुतेक अपडेट्स आपल्याला न विचारता उतरवत नाही. पण मग शनिवारी आठवणीने स्वतः उतरवावी लागतात, हे विसरू नका. ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा ग्रामसंघातल्या कुणाच्या घरी चांगलं वायफाय असेल तर पहिल्या दिवसाचं मोठं काम तिथे करा.

दुसरी अडचण वीज. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणून थोडा वेळ लाइट गेली तरी अपडेट चालू राहतं. पण सुरुवात करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या. भारनियमनाच्या वेळा बघून बसा. पडद्यावर टक्के मोजणं चालू असतं आणि कधी ते एकाच आकड्यावर बराच वेळ थांबतं. तेव्हा घाबरून बटण दाबून बंद करू नका. अर्धवट तोडलेलं अपडेट लॅपटॉपला जास्त त्रास देतं. मासिक अपडेटला तासभर आणि मोठ्याला दोन-तीन तास हाताशी ठेवा.

किल्ली कुणाकडे आहे?

ही गोष्ट कान देऊन ऐका, कारण सगळ्यात जास्त गटांचं काम इथे अडू शकतं. नव्या लॅपटॉपला सुरुवातीला एक ईमेल खातं मागतात. बऱ्याच ठिकाणी दुकानातला मुलगा किंवा कुणाचा तरी भाचा स्वतःचं खातं घालून देतो. लॅपटॉप चालू होतो, सगळ्या खूश. पण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये सगळ्या फाइली आपोआप कुलूपबंद ठेवायची सोय असते, चोरीला गेला तर कुणाला वाचता येऊ नये म्हणून. त्याची ४८ आकडी किल्ली ज्याच्या नावाचं खातं, त्याच्या खात्यात जाऊन बसते. एरवी ती कधी लागत नाही. पण काही अपडेट्सनंतर, विशेषतः लॅपटॉप कंपनीची आतली अपडेट्स घेतल्यावर, लॅपटॉप कधीकधी ती मागतो. आणि ती दिल्याशिवाय एकही फाइल उघडत नाही. तो मुलगा नोकरीला पुण्याला निघून गेला असेल, तर काय करणार?

म्हणून ग्रामसंघाच्या नावाचं वेगळं ईमेल खातं उघडा. त्याला ग्रामसंघाचाच मोबाइल नंबर जोडा. लॅपटॉप त्याच खात्याने सुरू करा. मग मायक्रोसॉफ्टच्या खात्यात 'डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते ४८ आकडे कागदावर उतरवा, दोघींनी ताडून बघा आणि कागद पाकिटात घालून पेटीत ठेवा. आपल्या रोख पेटीची रीत आठवा. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. इथेही तेच. लॅपटॉप लेखापालाकडे, पाकीट आणि पेन ड्राइव्ह पेटीत, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत.

खोटं अपडेट ओळखा

खरं अपडेट फक्त 'सेटिंग्ज'मधल्या 'विंडोज अपडेट'मध्येच असतं. इंटरनेटवर काही वाचताना अचानक पडदाभर लाल चौकट आली, भोंगा वाजायला लागला, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा" असं लिहून आलं, तर ते खोटं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून, ईमेलला जोडून आलेल्या फाइलवरून अपडेट घ्यायचं नसतं. कुणी फोन करून "आम्ही कंपनीतून बोलतोय, लॅपटॉप आमच्या ताब्यात द्या" म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

बैठकीत ठराव घ्या

मैत्रिणींनो, बँकेतून किती कर्ज घ्यायचं हे आपण दुकानदाराला विचारून ठरवत नाही, बैठकीत ठरवतो. लॅपटॉपचंही तसंच करू. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठरावबहीत असं लिहा:

एक, नव्या लॅपटॉपवर हिशेब घालण्याआधी सर्व अपडेट्स घेतली जातील. दोन, मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी-रविवारी घेतलं जाईल, आधी पेन ड्राइव्हवर प्रत काढली जाईल. तीन, मोठं वार्षिक अपडेट महिना-दोन महिने थांबून, कामाचा ताण नसताना घेतलं जाईल आणि दहा दिवसांत तपासलं जाईल. चार, लॅपटॉपचं खातं ग्रामसंघाच्या नावाचं असेल, किल्लीचा कागद पेटीत राहील. पाच, हे काम अमुक ताई करतील आणि त्या नसतील तर तमुक ताई.

पाचव्या मुद्द्यात दोन नावं नक्की लिहा. एकीलाच येत असेल तर ती माहेरी गेली की सगळं अडतं. आणि त्या दोघींत एक वयाने मोठी असू द्या. मावशींना एकदा शेजारी बसवून 'चेक फॉर अपडेट्स' दाबायला लावा. आमचा अनुभव आहे, दुसऱ्या महिन्यात त्याच आठवण करून देतात, "अगं, मंगळवार होऊन गेला, अपडेट घेतलंस का?"

तुमच्या गटाने ठराव घेतला की आम्हाला जरूर कळवा. काही अडलं तर बैठकीच्या दिवशी विचारा. आज इथेच थांबतो. नमस्कार!